चेंडूपेटीचा पूर्वरंग

परत आलेली पेटी चंद्रभानने टेबलावर ठेवली, फडक्याने पुसली, टीव्हीला जोडून पाहिली. पडद्यावर दोन्ही बाजूंना दोन पांढऱ्या फळ्या उभ्या राहिल्या आणि मधून पांढरा चौकोनी चेंडू टॉक टॉक करत फिरू लागला. बिघाड काहीच नव्हता.

"चालते तर चांगली," तो म्हणाला.

"चालते न," गिरणीतले रामाजी म्हणाले. "पन दोन मानसं लागते तिले. माही रात्रपाळी. दिवसा घरी मी एकला. कोनासंगं खेळू, भितीसंगं?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "गुलाबच्या पेटीवर एकल्यालेबी खेळता येते म्हनते."

चंद्रभानने पेटी फळीवर ठेवली. तिथे तिच्या परत आलेल्या बहिणी आधीच येऊन बसल्या होत्या.

हिंगणघाटात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण टीव्हीवर खेळायची पेटी स्वतःच्या हाताने करणारा चंद्रभान एकटाच. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानातून त्याने तिचा चिमुकला मेंदू, म्हणजे चिप, आणला होता. बाकी सगळं घरचं. खोकं सागाचं, फिरवायची दोन बटणं जुन्या रेडिओची, आणि झाळकाम चंद्रभानइतकंच सफाईने करणारी त्याची बायको विमला. पहिली पेटी त्याने केळझरच्या गणपतीपुढे ठेवून आणली होती. पुजाऱ्याने हे काय म्हणून विचारलं तेव्हा याला नीट सांगता येईना, म्हणून पुजाऱ्याने त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणून तिलाही शेंदूर लावला. तो शेंदराचा गुण म्हणा, वर्षभर पेट्या छान खपल्या. लग्नात लोक आहेर म्हणून देऊ लागले.

आणि मग गिरणीच्या फाटकासमोर गुलाबचं दुकान आलं. त्याच्याकडे परदेशी पेट्या. त्यांत सात रंग, विमानं, बंदुका, आणि वाजंत्री बंद म्हणून होत नसे. चंद्रभान एकदा गिऱ्हाइकासारखा जाऊन पाहून आला. घरी येऊन जेवताना म्हणाला, "चांगली हाय वो. खोटं कायले बोलू." विमलाने त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकली. दुसरं काय टाकणार?

गुलाब माणूस वाईट नव्हता. उलट त्याने स्वतः दुकानात येऊन सांगितलं, की चंद्रभानभाऊ, तुम्ही हे करणं सोडा आणि माझ्याकडे दुरुस्तीला बसा. महिन्याचा पगार, वर पंखा. रविवारी संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाला. चंद्रभानने हे विमलाला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडायचं लागतं, आणि तोंड उघडणं ही चंद्रभानची मोठीच अडचण होती.

म्हणजे तो मुका नव्हता. कीर्तनाचं त्याला वेड होतं. गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ. तिथे कीर्तन असलं की कर्णा आणि माइक चंद्रभानचा, देवाचं काम म्हणून. बुवा पूर्वरंगाला उभे राहिले की हा खांबाला टेकून बसायचा आणि ओठातल्या ओठात त्यांच्या पुढे एक वाक्य चालायचा. एकदा गाडी चुकल्यामुळे बुवा आलेच नाहीत. देवळाचे पंच बापूजी म्हणाले, चंद्रभान, तुला सगळं पाठ आहे, तूच उभा राहा. कपाळाला बुक्का लागला, गळ्यात हार पडला. चंद्रभानने भरल्या सभेकडे पाहिलं, माइक हातात घेतला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणाला आणि खाली बसला. त्या दिवसानंतर गल्लीत त्याला कीर्तनाबद्दल कोणी विचारलं नाही. माणसं दयाळू होती.

तर शनिवारी चंद्रभानने ठरवलं की गुलाबला हो म्हणायच्या आधी पेटीवर शेवटचा हात फिरवून पाहावा. रंग तर आणता येणार नव्हते. पण चित्र लखलखीत करता येईल, आणि आवाज पेटीतून न येता थेट टीव्हीतून येईल. त्याने नागपूर दूरदर्शनच्याच चॅनेलवर पेटी बसवली, म्हणजे गिऱ्हाइकाला टीव्हीचं बटण फिरवायला नको. आवाज तपासायला देवळातला माइक जोडला. राहिलं चित्र. हिंगणघाटाला नागपूरचं चित्र यायला छतावर उंच ॲंटेना आणि खाली चित्राला जोर देणारा बूस्टर लागायचा. तसाच एक बूस्टर त्याने पेटीच्या पुढे लावला. पुढे एकाने भागेना म्हणून दुसरा.

इथे त्याची जुनी सवय आडवी आली. देवळात कर्णा लावताना चंद्रभानचा एकच नेम असे: शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे. त्यामुळे काहीही लावलं की तो ते वाढवत न्यायचा. याही वेळी त्याने वाढवत नेलं. आणि छतावरच्या ॲंटेनाची तार टीव्हीच्या पाठीमागून काढायची, ती तशीच राहिली. नागपूरचं चित्र ज्या तारेने खाली उतरायचं, त्याच तारेने आता चंद्रभानची पेटी वर चढणार होती.

रविवारी सकाळी हिंगणघाटात काळं कुत्रं रस्त्यावर दिसत नसे. टीव्हीवर देवाची मालिका लागायची. माणसं अंघोळ करून बसायची, टीव्हीला हार घालायची, उदबत्ती लावायची. विमला शेजारच्या आनंदाबाईंकडे गेली होती. चंद्रभान मात्र या मालिकेचा भक्त नव्हता. देव समोर बोलतो आणि मधेच साबणाची जाहिरात येते, हे त्याला झेपायचं नाही. शिवाय ही एकच वेळ अशी, की दुकानात कोणी येत नसे.

त्याने पेटी लावली. चित्र असं उजळलं की डोळे दिपले. डाव्या हाताने डावं बटण, उजव्या हाताने उजवं, असा तो एकटाच खेळू लागला, आणि डावा मागे पडू नये म्हणून उजवा जरा हळू चालवू लागला. मग आवाज पाहायला माइककडे तोंड नेलं.

"हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग," तो म्हणाला. आणि समोर सभा नव्हती, नुसता चेंडू होता, म्हणून असेल, पुढचं वाक्य आपोआप आलं.

"ऐका, संतसज्जनहो. हा चेंडू म्हनजे जीव. इकडची फळी घर, तिकडची फळी दुनिया. घर म्हनते जाय, दुनिया म्हनते वापस जाय. चेंडूले कोनी इचारत नाई, बाप्पा, तुले कुठी जायचं हाय."

शेजारच्या भिंतीपलीकडे एकदम शांतता झाली. मालिकेत काही गंभीर चाललं असावं, असं चंद्रभानला वाटलं. त्याने जिभेवर आलेला रंग सोडला नाही. दान देणारे कसे असतात यावर तो बोलला. आपल्या देवळात बापूजी देणगीदारांची नावं वाचतात तेव्हा स्वतःच्या नावाशी आलं की माइक जवळ ओढतात, हा दाखला दिला. साऱ्या गल्लीतून हास्याचा लोंढा आला. आज देवांनीही काहीतरी विनोद केलेला दिसतो, असं म्हणून चंद्रभान पुढे निघाला.

मग तो एकटेपणावर आला. "आता आनंदाबाईचा रेडिओ घ्या. दर महिन्याले दुरुस्तीले येते. त्याच्यात बिघाड काईच नसते. मी पाठ खोलतो, फुंकर मारतो, पाठ लावतो. तवापर्यंत ते माय स्टुलावर बसून बोलते. दुरुस्ती होते, पन रेडिओची नाई."

या वेळी कोणी हसलं नाही.

"आन् शेवटचं," चंद्रभान चेंडूला म्हणाला, "गुलाबची पेटी चांगली हाय. मी तिची बराबरी नाई करू शकत, आज रंग आनला तर उद्या तो दुसरं आनंल. पन तिच्यात एक हाय. समोर कोनी नसते. मशीन हरते तर तिले दुःख नाई, जिंकते तर तिले हासू नाई. माही पेटी दुसरा मानूस मांगते, हेच तिचं चुकलं. आज संध्याकाळी मी त्याले हो म्हनून राह्यलो. पेट्या बंद. विमलाले अजून सांगतलं नाई. कसं सांगावं, ते काई सुचून नाई राह्यलं."

"सांगतलं की आत्ताच," दारातून विमला म्हणाली.

तिच्या हातात आनंदाबाईंच्या घरची उदबत्ती तशीच जळत होती. मागे आनंदाबाई, त्यांच्या मागे बापूजी, आणि बापूजींना ढकलत गुलाब. त्यांच्यामागे गल्ली. चंद्रभानने पडद्याकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, मग टीव्हीच्या पाठीमागून छताकडे गेलेल्या तारेकडे पाहिलं. त्याचा चेहरा देवळातल्या त्या माइक टेस्टिंगच्या वेळी झाला होता तसा झाला.

पहिला गुलाब बोलला. त्याचं म्हणणं असं, की दुकानात नागपूरहून आलेलं गिऱ्हाईक बसलं होतं, मालिका पाहत होतं, संपली की सगळ्यांत महागडी पेटी घेणार होतं. आणि देवाच्या मुकुटावर चेंडू आपटायला लागला. "आन् वरून तुमी सांगता, गुलाबची पेटी चांगली हाय. ते गिऱ्हाईक म्हने, हा कोन खरा मानूस हाय, याचं पुरं ऐकू द्या. ऐकलं आन् हात हालवत गेलं निंघून."

"माफ करा, गुलाबभाऊ," चंद्रभान पुटपुटला.

आनंदाबाई स्टुलावर बसल्या. त्यांचं हक्काचंच होतं ते.

"माह्या रेडिओत बिघाड नसते, हे तुले ठाऊक होतं?"

"हाव, माय."

"मंग पाठ कायले खोलत होता?"

"तुमी बसावं म्हनून."

आनंदाबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि नाक शिंकरलं. विमलाने पुढे होऊन फक्त उदबत्ती चेंडूपेटीच्या खाचेत खोवली. चंद्रभानला हे बोलण्यापेक्षा जड गेलं.

आता राहिले बापूजी. देणगीदारांच्या यादीचा घाव ताजा होता, आणि माणूस नियमाचा कडक. अख्ख्या गल्लीची देवाची मालिका बुडवली, याचा जबाब ते आता मागणार, म्हणून सगळे पुढे सरकले.

"चंद्रभान," बापूजी म्हणाले, "हे जे झालं, हा पूर्वरंग झाला. होय का नाई?"

"चुकून झाला, बापूजी."

"चुकून होवो का कसाबी. पूर्वरंग झाला आन् उत्तररंग नाई, असं अर्धं कीर्तन टाकून उठता येत नाई. दोष गावाले लागते. संध्याकाळी देवळात ये आन् पुरं कर."

चंद्रभान म्हणाला, मला सभेपुढे बोलता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बापूजी म्हणाले, ते आम्हाला काय सांगतोस, दोष लागतो तो लागतो.

संध्याकाळी देऊळ भरलं. बुक्का लागला, हार पडला. चंद्रभान उभा राहिला, त्याने माणसांकडे पाहिलं. "हॅलो," तो म्हणाला. पुढे काही येईना. पहिल्या ओळीतले लोक कळवळून खाली पाहू लागले. तेवढ्यात विमला उठली, पडवीत गेली आणि रामाजींच्या मदतीने दुकानातला टीव्ही आणि पेटी घेऊन आली. तिने ते आधीच आणून ठेवलं होतं. टीव्ही त्याच्यापुढे ठेवला, पडदा त्याच्याकडे, पाठ सभेकडे. चेंडू हलू लागला, आणि चंद्रभानच्या डोळ्यांत जीव आला.

पण एका हातात चिपळ्या होत्या, बटणं दोन. एक तरी दुसऱ्याने धरायला हवं होतं. गुलाब आपलं उत्तर घ्यायला आला होता आणि अगदी पुढेच उभा होता. बापूजींनी त्याला हाताला धरून पेटीपाशी बसवलं.

उत्तररंगात चंद्रभानने काय कथा लावली ते गल्लीला अजून आठवतं: दोन भाऊ नदीच्या दोन काठांवर शेत करतात आणि एकमेकांशी चढाओढ करता करता नदीच विसरून जातात, अशी काहीशी. गुलाब बटण फिरवत होता आणि दर खेपेला चेंडू चुकवत होता. कथा संपली तेव्हा तो हळूच म्हणाला, "भाऊ, तुमाले सांगतो. नागपुरात माह्या पेटीहून नवी पेटी आली. माहा माल पडून हाय. आन् अर्ध्या बिघडल्या, त्या खोलता कोनाले येते?"

"आन माह्या दुकानात," चंद्रभान म्हणाला. "तुह्या दुकानात नाई येत मी. पन आन. मी पाहून देतो."

हेच त्याचं उत्तर होतं, आणि ते विमलासमोर दिलं गेलं.

पुढच्या रविवारी छतावरची तार टीव्हीतून काढून ठेवलेली होती आणि मालिका साऱ्या गल्लीत स्वच्छ दिसत होती. दुकानाच्या फळीवर गुलाबच्या रंगीत पेट्या पोट उघडून पडल्या होत्या. चंद्रभान त्यांतल्या एकीवर वाकला होता. सागाच्या पेट्या काही खपल्या नव्हत्या. एक मात्र टेबलावर जोडून ठेवलेली होती, दुरुस्तीची वाट पाहणाऱ्यांना बसल्या बसल्या खेळायला.

मालिका संपायच्या आधीच आनंदाबाई आल्या. हातात रेडिओ नव्हता.

"रेडिओ कुठी हाय, माय?"

"बरा हाय. त्याले कायले आनू?" त्यांनी स्टूल टेबलाजवळ ओढलं, चष्मा सारखा केला आणि पेटीचं एक बटण चिमटीत धरलं. "ठेव तो पेचकस खाली. दुसरं बटन धर."

चंद्रभानने पेचकस बाजूला ठेवला. चेंडू निघाला. म्हातारीचा हात थरथरत होता, म्हणून त्याने आपली फळी जराशी उशिरा हलवली.

आनंदाबाईंनी पडद्यावरून नजर काढली नाही.

"आन् मुद्दाम हारू नोको," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी डाव्या हाताले जिंकू देत होता, तसं. आमी साऱ्याईनं पाह्यलं हाय."