साहेबांचा दत्तू

आमच्या समोरच्या दारावर दोन पाट्या आहेत आणि आत माणूस एकच. जुनी पितळी पाटी ‘मधुकर वाघ’ आणि तिच्याखाली नवी, चकचकीत ‘दत्तूभाऊ’. नाशिकला सिडकोत राहायला आलो तेव्हा मला वाटलं, दोघे भाऊ असतील. आठवडाभरानं मी विचारलंही, “मधुकरराव दिसले नाहीत कधी?”

“मीच तो,” ते जरा ओशाळून म्हणाले. “पण तुम्ही दत्तूच म्हणा. साहेब दत्तू म्हणतात.”

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. बावीस वर्षांपूर्वीच्या एका प्रचारात साहेबांनी जीपमधून हाक मारली, “दत्तू, पाणी आण रे!” मधुकर वाघांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग त्यांनी पाणी आणलं. तेव्हापासून ते दत्तू झाले. खरा दत्तू कोण आणि तो गेला कुठे, हे कुणी विचारलं नाही. यांनी तर नाहीच.

गावी, देवळ्याला, त्यांची आई होती तोवर तिनं हे नाव घरात येऊ दिलं नाही. “नाव मी ठेवलं, बारशाच्या घुगऱ्या मी वाटल्या. तुझा साहेब कुठं होता तवा?” असं ती विचारायची, आणि दत्तूभाऊ हसून पान आणायला बाहेर पडायचे.

साहेबांनी या काळात तीन पक्ष बदलले. प्रत्येक वेळी दत्तूभाऊंच्या खुंटीवर नव्या रंगाचं उपरणं आलं. जुनी त्यांनी फेकली नाहीत, फरशी पुसायला घेतली. मी चिडवलं की म्हणत, “पक्ष बदलतात हो. साहेब बदलत नाहीत.” वाढदिवसाच्या फलकावर साहेबांच्या पायाशी शुभेच्छुकांचे जे टिकलीएवढे चेहरे असतात, त्यांत शेवटून दुसरा यांचा. एकदा शेवटून तिसरा आला तर त्यांनी मला रिक्षात घालून दाखवायला नेलं होतं.

रोज सकाळी सहाला ते साहेबांच्या बंगल्यावर हजर. काम काय? काही नाही. “मागायचं नसतं, दिसायचं असतं,” हे त्यांचं ब्रीद. दुसऱ्यांसाठी मात्र बिनदिक्कत मागत. आमच्या इमारतीला पाणी त्यांच्यामुळे आलं. माझ्या मेव्हण्याची बदली त्यांच्यामुळे झाली. मीही मग ‘मधुकरराव’ सोडून ‘दत्तूभाऊ’ म्हणू लागलो. कामाचा माणूस होता.

त्यांची स्वतःची मुलगी सुनंदा मात्र चार वर्षं सुरगाण्याकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होती, नोकरीत माहेरच्याच नावानं. नवरा इथं कंपनीत, आणि ती तिकडे डोंगरात तीन वर्षांच्या चिऊला घेऊन. बायको गेल्यापासून दत्तूभाऊ इकडे एकटे. सुनंदाचा बदलीचा अर्ज त्यांच्या खिशात घडीवर घडी पडून मऊ झाला होता.

“देत का नाही?” मी विचारायचो.

“साहेब आज गडबडीत होते.” नाहीतर, “आज साहेबांची पाठ धरली होती.”

शेवटी साहेबांच्या वाढदिवसाला मीच त्यांच्याबरोबर गेलो. पोर्चमध्ये ही गर्दी. साहेब खुशीत होते. म्हणाले, “काय दत्तू, सगळ्यांची कामं आणतोस. तुझं काही नाही?” यांनी नुसताच खिसा चाचपला. मी कोपरानं ढोसलं तेव्हा अर्ज पुढे झाला. साहेबांनी तो न वाचताच शेजारी उभ्या स्वीय सहायकांकडे दिला. “दत्तूच्या मुलीचं काम आहे. झालं पाहिजे.”

परतताना दत्तूभाऊंनी रिक्षावाल्यालासुद्धा पेढा दिला. सुनंदाला फोन केला, “सामान बांधायला घे.”

दीड महिन्यानं बदल्यांची यादी लागली. त्यात सुनंदा नव्हती. आम्ही पुन्हा बंगल्यावर गेलो. स्वीय सहायक आता नवे होते, पण माणूस सभ्य. त्यांनी कागद काढला. “साहेबांनी दत्तूच्या मुलीचं सांगितलंय, एवढंच आधीचे सहायक मला सांगून गेले. हा अर्ज सुनंदा मधुकर वाघ यांचा. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा कागद मध्ये घुसलाय. ठेवला बाजूला.”

“अहो, मधुकर म्हणजे हेच!” मी म्हणालो.

“मग सोपं आहे. साहेबांना एवढं एकदा सांगा. त्यांनी मान हलवली की आजच्या आज दुरुस्ती पाठवतो. उद्या मुदत संपते.”

तेवढ्यात साहेबच बाहेर आले. बरोबर पाचपंचवीस माणसं. दत्तूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काय दत्तू, झालं ना मुलीचं काम?”

मी दत्तूभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं.

“झालं साहेब,” दत्तूभाऊ म्हणाले.

साहेब गाडीत बसून गेले. मी तोंड उघडणार, तर यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. रस्त्यावर आल्यावर मी वाट्टेल ते बोललो. मग ते म्हणाले, “चारचौघांत साहेबांना सांगू, की बावीस वर्षं तुम्ही चुकताय?”

“सांगायचं! मुलीसाठी सांगायचं!”

“आणि ते म्हणाले असते, मग माझा दत्तू कुठंय? तर?” ते थांबले. “त्यांची माया दत्तूवर आहे हो. मधुकरला ते कुठं ओळखतात?”

सुनंदाला त्यांनी कळवलं, सरकारी काम, पुढच्या यादीत होईल. ती “बरं बाबा” म्हणाली.

तेव्हापासून जावयाची शिफ्ट असली की त्याच्याऐवजी रविवारी दत्तूभाऊ सुरगाण्याला जाऊ लागले. गेल्या महिन्यात मलाही नेलं. तिथं मी वेगळाच माणूस पाहिला. बाजेवर पाय पसरून बसलेला, मोठ्यानं बोलणारा. शेजारच्या म्हातारीशी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठावरून तावातावानं भांडला, आणि हरला तेव्हा खो खो हसला. चिऊनं त्यांच्या विरळ केसांना तीन रबरं लावली होती, ती काढायची नाहीत असा हुकूम होता. शेजारी राहूनही मी त्यांना कधी कुणाशी भांडताना पाहिलं नव्हतं.

दुपारी सुनंदा म्हणाली, “बाबा, राहा ना आठवडाभर.”

“उद्या साहेबांकडे बैठक आहे गं. दिसायला हवं.”

तिनं मान हलवली आणि भाकरी फडक्यात बांधायला घेतल्या.

चार वाजता आम्ही नाक्यावर आलो. तिथली जीप माणसं भरल्याशिवाय हलत नाही. आम्ही आत बसलो. रस्त्यापलीकडे सुनंदा चिऊला कडेवर घेऊन उभी. एकेक माणूस येत होता, आणि प्रत्येक माणसागणिक दत्तूभाऊंचा चेहरा उतरत होता. शेवटी ड्रायव्हरनं मागे पाहिलं.

“निघू का काका? एकच शीट कमी हाय. वाटंत भेटंल कुणी.”

मी हो म्हणणार होतो. घाटातली वळणं मला अंधारात नको होती.

“नको,” दत्तूभाऊ घाईघाईनं म्हणाले. “थांबू की. येईल कुणीतरी.”

पलीकडे सुनंदाही घराकडे वळली नव्हती. आणखी अर्धा तास कुणीच आलं नाही. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.