देशकरकाकांचा अर्धा चेहरा

उन्हाळ्यात दुपारी बारा ते दोन देशकरकाका गच्चीवर खुर्ची टाकून सूर्याकडे तोंड करून बसत. चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्यावर तपकिरी लेप, उजवा अर्धा उघडा. महिनाभरात उजवी बाजू भाजल्या वांग्यासारखी झाली, डावी सोललेल्या बटाट्यासारखी राहिली. भिलाईतल्या आमच्या स्मृती नगरात डावीकडून पाहणाऱ्यांना आणि उजवीकडून पाहणाऱ्यांना ते दोन वेगळे गृहस्थ वाटत.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. काका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट, आमचे शेजारी. लेपात फाडलेल्या दुधाचा वाळवून दळलेला चोथा, झिंकची पांढरी पूड आणि हिरड्याचा काढा असे.

"दुधाचं प्रोटीन घामात सुटून जाते," ते मला सांगत. "हिरडा त्याच्या कणाकणाले बांधते. गाठ बसली पाह्यजे, बाबू!"

काकूंना ऊन सोसत नसे. दोन मिनिटांत चट्टे उठत. अकरा वर्षं त्या दिवसा उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. भाजीसुद्धा दिवेलागणीनंतर आणत. आता सुषमाचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, लग्न ठरलं होतं. सासर नागपूरचं, आणि तिकडची गाडी शेजारच्या दुर्गहून भर दुपारी सुटायची.

"लेकीले गाडीत बसवाले मी येईनच," काकूंनी जाहीर केलं होतं.

एकदा हिरडा जास्त पडला. काकांचा चेहरा आवळून ताठ झाला. नेमके त्याच संध्याकाळी व्याही बोलणी करायला आले. काकांना हसताही येईना, मानही हलवता येईना. त्यांची ती मुद्रा पाहून व्याही मानपानाची एकेक मागणी सोडत गेले.

"कावून जी," काकू नंतर म्हणाल्या, "हिरड्यानं तं चामडं कमावतात. तुमी सोताचंच कमावून राहिले का?"

"गाठ बसली," काका ओठ न हलवता म्हणाले.

लग्नानंतर काकू पूर्ण चेहरा आणि हात माखून स्टेशनवर आल्या. सुषमाचा डबा शेडच्या पुढे, उघड्यावर लागला. गाडी वीस मिनिटं उभी होती. काकूंनी खिडकीतून लेकीचा हात धरला होता. काका मिटलेली छत्री काखेत धरून घड्याळ पाहत होते. चट्टा उठला नाही.

गाडी हलल्यावर काकू वळल्या. दोन्ही गालांवर लेप वाहून गेला होता आणि त्या दोन ओघळांत कातडी लाल होऊ लागली होती.

"घामाची टेस्ट केली होती," काका म्हणाले. "हे राहूनच गेलं."

त्यांनी छत्री उघडून पूर्ण काकूंवर धरली. लेप एकीपुरताच झाला होता. काकांची डावी बाजू त्या दिवशी पहिल्यांदा उन्हात उघडी होती.