तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय नाही

आमच्या गावात ख्रिस्ती धर्माचा प्रचार करायला म्हणून खास पाठवलेला एकच माणूस आहे, आणि तो धर्माविषयी अवाक्षर काढत नाही. कुणी आपण होऊन विचारलं तर हसतो आणि म्हणतो, "सांगू की. घाई काय हाय?" दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय शमुवेलमामांचं तोंड उघडत नाही.

यामागे त्यांचं शास्त्र आहे. "पयल्यांदा मानूस भिडंखातर इचारतो," ते म्हणतात. "दुसऱ्यांदा गंमत म्हनून. तिसऱ्यांदा इचारतो ते पोटातनं."

मामा सुवार्तिक आहेत, म्हणजे येशूची गोष्ट गावोगाव सांगत फिरणारे. निदान नेमणुकीच्या कागदावर तरी तसं आहे. तीस वर्षांपूर्वी ते नगरहून एक सायकल आणि एक पत्र्याची पेटी घेऊन काष्टीच्या पलीकडच्या आमच्या गावात आले आणि आमच्या शेजारच्या खोलीत राहिले. त्यांची बायको लग्नानंतर वर्षभरातच वारली होती. पुन्हा लग्न त्यांनी केलं नाही. माझ्या आईला सख्खा भाऊ नव्हता. पहिल्याच भाऊबीजेला तिने मामांना पाटावर बसवून ओवाळलं, आणि पोरांना सांगितलं की हे तुमचे मामा. त्या दिवसापासून मला एक ख्रिस्ती मामा आहे, आणि हे सांगताना शाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांना जेवढी गंमत वाटते तेवढी गावात कुणालाच वाटत नाही.

तिसऱ्यांदा विचारणारा कुणी भेटला की मात्र मामा मागे हटत नाहीत. बिरू धनगराने एकदा असं विचारलं. मामांनी त्याला हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभरातलं एक मेंढरू हरवलं, तर मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकामागे गेला. बिरूने काठीवर हनुवटी टेकवून सगळं ऐकलं आणि विचारलं, की नव्व्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडली? लांडगा आला असता म्हणजे?

दुसऱ्या दिवशी एसटीने नगरला जाऊन मामांनी वरिष्ठांना हा प्रश्न घातला. वरिष्ठांनी तासभर देवाच्या प्रेमाचा अर्थ उलगडून सांगितला. मामा म्हणाले, प्रेमाचं मला माहीत आहे, मला लांडग्याचं सांगा. तिथे काही ते जमलं नाही. मग मामा आठ दिवस बिरूच्या मेंढरांमागे उन्हातान्हात फिरले, त्याच्या तळावर झोपले, आणि त्यांच्या लक्षात आलं की धनगर रानात एकटा कधी नसतोच. तेव्हापासून मामांच्या गोष्टीतला मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं मेव्हण्याच्या हवाली करून मगच निघतो. बिरूने ती पुन्हा ऐकली आणि म्हणाला, "आता बराबर हाय." एवढी शाबासकी मामांना उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलेली मी ऐकली नाही.

गल्लीतल्या बायका जीप करून शिर्डीला निघाल्या की मामा बरोबर असतात. दर्शनाला जात नाहीत, बाहेर बसून सगळ्यांच्या चपला राखतात. कुणीतरी ते पाहिलं आणि नगरला कळवलं. मामांना बोलावणं आलं. तिथे ते एवढंच म्हणाले, की चपला राखायला विश्वासाचा माणूस लागतो, आणि गावाने मला विश्वासाचा मानलं हे तुम्ही अहवालात लिहून घ्या. वर्षाच्या अहवालात 'कार्याचे फळ' असा एक रकाना असतो. त्यात मामा दर वर्षी लिहायचे, 'एका इसमाने दुसऱ्यांदा विचारले.'

हे इसम म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील.

अण्णांनी पहिल्यांदा विचारलं ते मामा नवे होते तेव्हा, घरी आलेल्या माणसाशी काहीतरी बोलावं म्हणून. दुसऱ्यांदा विचारलं ते चार वर्षांनी, ओट्यावर चारचौघांत, थट्टेने. मग मामांनी आनंदाने आईला सांगितलं की आता एकदाच राहिलं. ते अण्णांच्या कानावर गेलं आणि झालं! अण्णा म्हणजे अडेल माणूस. एकदा का समोरचा वाट बघतोय हे कळलं, की त्याला ताटकळत ठेवण्यासारखं सुख त्यांना दुसरं नव्हतं. रोज सकाळी दोघं ओट्यावर चहा प्यायचे. अण्णा मधेच गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "शमुवेल, एक इचारू का?"

मामा कपबशी खाली ठेवायचे. मांडी सावरायचे.

"औंदा कांदा ठिवावा का इकावा?"

मामा कपबशी पुन्हा उचलायचे आणि म्हणायचे, "इका." हा खेळ मी लहानपणापासून पाहत आलो आणि दर वेळी हसलो. मामाही हसायचे.

पण मामांना ते नुसतं हसण्यावारी नेता येत नव्हतं. शाळेत नोकरीला लागल्यावर एकदा मी त्यांना छेडलं, की अण्णांनी विचारलंच तर सांगणार काय? तर त्यांनी सांगितलं की बाकीच्यांना पुस्तकातल्या गोष्टी आहेत, अण्णांसाठी मात्र वेगळं तयार केलंय. त्यात विहिरीच्या पाण्याची पाळी आहे, चुलतभावाशी झालेलं बांधाचं भांडण आहे, गेलेली थोरली बहीण आहे. अर्ध्या तासाचं आहे आणि सगळं पाठ आहे. मग सांगून मोकळे का होत नाही, असं मी विचारलं.

"बाळू, न इचारता सांगितलं तर ते माझं सांगनं हुतं. इचारल्यावर सांगितलं तर ते त्याचं हुतं," मामा म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "पन तो न इचारताच गेला तर रं?"

मामांची श्रद्धा माझी नाही. पण त्या प्रश्नाची भीती मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसली, आणि त्यानंतर कांद्याच्या त्या खेळाला मला पूर्वीसारखं हसता आलं नाही.

गेल्या वर्षी अण्णांना नगरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. मामा रोज सकाळच्या एसटीने यायचे, हातात आईने दिलेल्या पेजेचा डबा. दिवसभर खाटेशी बसायचे. ऊस, पाऊस, भावकी, सगळं बोलून व्हायचं. अण्णा अधूनमधून 'एक इचारू का' म्हणायचे आणि नातीच्या परीक्षेचं विचारायचे. मला वडिलांचा राग यायचा. आता तरी विचारा, असं सांगावंसं वाटायचं. पण ते त्या दोघांचं होतं.

एका दुपारी मी औषधं आणायला खाली गेलो. परत आलो तर मामा अण्णांचे पाय मांडीवर घेऊन त्यांची नखं कापत बसले होते. अण्णा त्यांच्याकडे बघत पडले होते. त्या संध्याकाळी मी पेज भरवताना अण्णा म्हणाले, "शमुवेलनं सांगितलं बरं का आज." मला वाटलं, गावाकडचा काही निरोप असेल. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले.

तेराव्याला पंगतीत वाढायला मामाच पुढे होते. सगळे उठून गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि खाली बघत बोलायला लागले. त्या दुपारी अण्णांनी विचारलं होतं. थट्टा नाही, काही नाही. सरळ म्हणाले होते, की शमुवेल, आता सांग, तुझा देव कसा हाय.

"अन् मला एक शब्द आला न्हाई, बाळू. अर्ध्या तासाचं पाठ केल्यालं, त्यातलं एक अक्षर न्हाई. नुसतं रडू फुटाया लागलं. मग म्हनलं, रडताना दिसायला नको. नखं वाढली हुती त्याची, ती कापत बसलो." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "त्याला वाटलं असंल, ह्याच्याकडं सांगन्यासारखं कायीच न्हवतं. उगा तीस वरसं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरांना शिकवून पोट भरणारा मी, पण हे समजायला मला पंधरा दिवस लागले. मी मामांना अण्णा त्या संध्याकाळी काय म्हणाले ते सांगितलं, जसंच्या तसं.

मामांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. त्याच दिवशी का, पेज पिताना का, शुद्धीत होता का, सगळं नीट विचारलं. मी हो म्हणालो. मामा लहान मुलासारखे रडले, आणि मीही.

बऱ्याच वेळाने त्यांनी पंगतीच्या उरलेल्या पत्रावळी गोळा करायला घेतल्या. दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"त्याला कळलं म्हन," ते म्हणाले. "पन काय कळलं, ते आता मला कोन सांगनार?"