मोईनभाईंचा उघडा लॅपटॉप

मोईनभाईंच्या लॅपटॉपचं झाकण मी लावलं. सांगायचं एवढंच आहे, पण ते सांगायला मी फार दिवस घेतले.

मोईनभाई आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. चितेगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. त्यांच्या बाजूची लाइट गेली की आमची बेल वाजायची. दार उघडावं तर मोईनभाई दोन्ही हातांवर उघडा लॅपटॉप घेऊन उभे, वाढलेलं ताट आणल्यासारखे. त्यांची बॅटरी दमलेली आणि आमच्याकडे इन्व्हर्टर. ते तिरपे होऊन आत यायचे, चार्जर लावायचे आणि मगच श्वास सोडायचे.

"झाकण लावून आणा की," मी म्हणायचो.

"चालू हाय ना, काळेसाब? मंग हात नका लावू."

सगळ्याच बाबतीत त्यांचं हेच. पंख्याचं बटण एकदा तीनवर ठेवलंय, म्हणून थंडीत शाल घेऊन पंख्याखाली झोपतात. लिफ्ट चालू असली तरी जिन्यानं जातात. आपण बसलो आणि नेमकी बंद पडली तर?

एवढ्या भित्र्या माणसानं लॅपटॉपमध्ये लिनक्स टाकलं, याचा साक्षीदार मी आहे. जुनं मशीन सुरू व्हायलाच अर्धा तास घ्यायचं. ही फुकटातली सिस्टीम जुन्या मशीनवर पळते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. "तुम्ही फक्त बसा. एन्टर मी दाबतो," म्हणाले. पेनड्राइव्ह लावून बिस्मिल्ला म्हटलं. स्क्रीनवर प्रश्न आला, सगळी डिस्क पुसायची का? मोईनभाईंनी हात मागं घेतला.

"हे विचारतंय का धमकी देतंय?"

डिस्क पुसली, लिनक्स बसलं, मशीन पुन्हा सुरू झालं आणि स्क्रीन काळी. कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. स्क्रीनवर चित्र आणणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं आणि लिनक्सचं जमत नव्हतं. मग मोबाइलवर शोधून ते एकेक कमांड टाइप करायचे आणि मी अक्षरं तपासायचो. "डॅशच्या आधी स्पेस हाय का? नीट बघा, लई नाजूक काम हाय." एन्टर दाबताना डोळे गच्च मिटायचे. शेवटी एका दुपारी चित्र आलं. कशामुळं आलं, ते दोघांनाही कळलं नाही.

पुढं घरी बसून त्यांनी त्यात आणखी काय काय केलं. काळ्या स्क्रीनवर मुठीएवढी पिवळी अक्षरं आली. "क्रांती चौकातल्या पाट्यासुद्धा एवढ्या मोठ्या नसतात," माझी बायको म्हणाली. मोईनभाईंचा चष्मा जाड, म्हणून आम्ही समजून घेतलं. यातलं बरंचसं मशीन चालू असेपर्यंतच टिकणारं होतं. बंद केलं की सगळं पहिल्यापासून, आणि झाकण लावून झोपवलं तर ते उठेल याचीही खात्री नाही.

एकदा अशीच लाइट गेली, तेव्हा आमच्याकडे चार्जर लावून ते भाजी आणायला खाली गेले. मला वाटलं, या माणसाची भीती एकदाची मोडावी. झाकण लावायचं, उघडायचं आणि ते आले की सांगायचं, बघा, काही झालं नाही.

लावलं. उघडलं. सगळं काळं. बटण दाबून धरलं, पुन्हा सुरू केलं, तर तीच लुकलुकणारी रेघ. काचेत माझाच घाबरलेला चेहरा दिसत होता.

बेल वाजली.

"इन्व्हर्टर मध्येच बंद पडला हो," मी म्हणालो. असं बोलायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

मोईनभाई स्क्रीनवर वाकले. "बॅटरी बदलायची ऱ्हायली माझी. माझीच चूक." मग त्यांनी लॅपटॉप मिटला, बगलेत धरला आणि गेले.

त्यानंतर मला बेलची भीती वाटायला लागली. लाइट जायची, पण बेल वाजायची नाही, त्याची तर जास्तच. त्यांच्या दारावरून मी चपला हातात घेऊन जायचो. संध्याकाळी भिंतीपलीकडून एका बाईमाणसाचा मोठ्यानं वाचल्याचा आवाज यायचा, तोही बंद झाला.

एक दिवस जिन्यात गाठलंच त्यांनी मला. "जरा घरी येता?"

समजलं यांना, असं वाटत मी मागोमाग गेलो. आत खुर्चीवर त्यांची थोरली बहीण बसली होती, जुबेदाआपा. त्या राहायला आल्याचं माहीत होतं, पण बाहेर कधी दिसायच्या नाहीत. देवगाव रंगारीला उर्दू शाळेत शिकवायच्या. नजर अधू झाली म्हणून मोईनभाईंनी इकडं आणलं. ती मुठीएवढी अक्षरं त्यांच्यासाठी होती. त्यांना समोर बसवून, आता दिसतं का, आता दिसतं का, असं विचारत मोईनभाईंनी एकेक रंग ठरवला होता. रोज संध्याकाळी आपा त्यावर उर्दू पेपर वाचायच्या आणि मोईनभाई ऐकायचे.

"आजकाल मोबाइल वाचून दाखवतो की," मी बोलून गेलो.

"दाखवतो. पण मंग आपानं काय करायचं?" मोईनभाई हळूच म्हणाले. "मी मराठी शाळेतला. मला उर्दू वाचता येत नाय. त्यांनी शिकवावं असा विद्यार्थी आता मी एकटाच ऱ्हायलोय."

"मोईन, कित्ते बार बोली मैं, बैटरी बदल," आपा म्हणाल्या. "सुनताच नइ तू."

पांढऱ्या दाढीचे मोईनभाई मान खाली घालून उभे होते. "जुना लॅपटॉप घेणारं कुणी हाय का तुमच्या ओळखीत? विकून टाकतो."

"अहो, पुन्हा करून बघा ना."

"नाय. माझ्या हातानं बिघडलंय. आता हात लावायचं धाडसच नाय होत."

"इन्व्हर्टर बंद पडलाच नव्हता," मी म्हणालो. "झाकण मी लावलं. तुमची भीती घालवायला लावलं, आणि नंतर मीच घाबरून खोटं बोललो. बॅटरीचा काही संबंध नाही. तुमच्या हाताचाही नाही."

आपांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. संपलं, मला वाटलं. या बाई आता माझ्याकडं बघणारसुद्धा नाहीत.

मोईनभाईंनी माझ्या दंडाला हात लावला. "तुमच्याकडंच बघतायत. त्यांना समोरचं दिसत नाय, कडेचं दिसतं."

त्यांच्या नजरेच्या कडेत नीट येईन असा मी दोन पावलं सरकलो आणि हात जोडले.

"चूक माझी आहे, आपा. मोईनभाईंना नका रागावू. मला माफ करा."