विहीणबाईंचं आंघोळीचं पाणी

कॅम्परव्हॅनमधला गिझर कोण सांभाळणार, हा प्रश्न ऑकलंड सोडायच्या आधीच निकालात निघाला होता. "वीज हा आपला विषय आहे," असं म्हणून गोपीनाथरावांनी तो आपल्या ताब्यात घेतला. जावई सुमेध गाडी चालवत होता, त्यामुळे त्याला मागं वळून विरोधही करता आला नाही. खरं सांगायचं तर गोपीनाथरावांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली ती बिलं काढण्यात. तारेला त्यांचा हात कधी लागला नव्हता. पण बिलं काढणाऱ्याला वीजही कळत असणार, असं घरातले धरून चालत, आणि त्यांनीही तो समज कधी मोडला नाही.

ही एवढी हौस उगाच नव्हती. तिचं कारण मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसलं होतं. सुमेधच्या आई कमलाबाई, नागपूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, पहिल्यांदाच न्यूझीलंडला आल्या होत्या. गोपीनाथरावांची भाग्यश्री या घरात सून म्हणून गेली, त्या लग्नात पुण्याच्या ऐन थंडीत कार्यालयातला गिझर बंद पडला आणि मुलाच्या आईला गार पाण्यानं आंघोळ करावी लागली. कमलाबाई फक्त "पुण्याचं पाणी थंड असते जी" एवढंच बोलल्या होत्या. पण गोपीनाथरावांच्या पत्नीनं, सरोजताईंनी, ते धरून ठेवलं. नवराबायकोचा वाद कशावरूनही सुरू होवो, शेवटी गाडी तिथंच येऊन थांबायची. "विहिणीला गार पाण्यानं आंघोळ घालणारा माणूस तुम्ही," असं त्या म्हणाल्या की गोपीनाथराव पेपर तोंडापुढं धरत. या सहलीत तो डाग धुऊन काढायचा, आणि तोही गरम पाण्यानं, असा त्यांनी मनाशी पण केला होता.

गाडी ताब्यात देताना भाड्याच्या कंपनीतल्या मुलीनं गिझरची सगळी माहिती दिली होती. दोन बटणं. एकावर ज्योतीचं चित्र, ते गॅसचं. दुसऱ्यावर प्लगचं, ते विजेचं. हॉलिडे पार्कात, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या तळावर, गाडीची वायर खांबाला जोडली की विजेवर तापवायचं, कारण ती वीज जागेच्या भाड्यातच येते. रानात मुक्काम असला तर गॅसवर. घाई असेल तर दोन्ही लावायची, पाणी लवकर तापतं. यातलं शेवटचं गोपीनाथरावांना अजिबात पटलं नाही. एका पोळीला दोन तवे कशाला, असं त्यांचं म्हणणं. गॅस राखून ठेवायचा, वीज वापरायची आणि तासभर आधी उठायचं, हा त्यांचा हिशेब.

तौपोच्या तळ्याकाठच्या हॉलिडे पार्कात संध्याकाळी मुक्काम पडला. सुमेधनं वायर खांबाला जोडली, खांबावरचं बटण दाबलं, भाग्यश्रीनं ऑकलंडच्या सँडरिंगहॅममधल्या देशी दुकानांतून आणलेल्या सामानातून खिचडी टाकली. भांडी घासण्यात टाकीतलं गरम पाणी संपलं. तेव्हा गोपीनाथरावांनी गिझर बंद केला आणि जाहीर केलं, की सकाळी त्या बटणांना कोणी हात लावायचा नाही. सरोजताईंनी त्याला पुरवणी जोडली. कमलाबाई आंघोळ आणि वंदना झाल्याशिवाय चहाही घेत नाहीत, तेव्हा त्यांच्याआधी कोणी तोंडात काही घालायचं नाही.

सकाळी अंधार होता तेव्हाच गोपीनाथराव उठले. गाडीच्या टोकाला कमलाबाईंच्या बिछान्याचा पडदा लागलेला होता. त्यांनी चोरपावलांनी जाऊन विजेचं बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि कानटोपी घालून ते तळ्याकडं फिरायला निघाले. बाहेर गवतावर दव गोठलं होतं. तसल्या थंडीत जॅण्डल्स, म्हणजे नुसत्या रबरी चपला, घालून कुत्रं फिरवणारा एक म्हातारा "किया ओरा" म्हणाला, त्याला त्यांनीही तितक्याच तोऱ्यात "किया ओरा" केलं. आज ते खुशीत होते.

ते गेल्यावर गाडीत काय काय घडलं, ते त्यांना पुढं कळलं. आधी सरोजताईंना जाग आली. समोर लाल दिवा आणि नवऱ्याचा पत्ता नाही. गिझर पेटवून माणूस भटकायला गेला, हे बघून त्यांच्यातली गृहिणी खडबडून उठली. जन्मभर त्या गिझर बंद करत आल्या होत्या. त्यांनी तो इथंही बंद केला आणि पुन्हा पांघरुणात शिरल्या. मग भाग्यश्री उठली. दोन्ही बटणं बंद. बाबा विसरले असणार, सासूबाई तर आता उठतील, म्हणून तिनं चटकन गॅसचं बटण दाबलं आणि ती ब्रश घेऊन बेसिनकडं गेली. त्यानंतर सुमेध जागा झाला. भिंतीपलीकडं गॅस फुरफुरत होता. वायर खांबाला जोडलेली असताना गॅस जाळायचा म्हणजे काय, सासरेबुवांना कळलं तर दिवसभर भाषण ऐकावं लागेल. त्यानं गॅस बंद करून वीज चालू केली. पडद्यामागं कमलाबाईंची झोप मोडू नये म्हणून कोणी कोणाशी अवाक्षर बोललं नाही. प्रत्येकानं मुकाट्यानं दुसऱ्याची चूक दुरुस्त केली.

गोपीनाथराव परतले तेव्हा लाल दिवा जळतच होता. आपण लावला तसाच. सरोजताईंनी शेगडीवर पोहे केले होते, वर झाकण घातलं होतं, आणि सगळे त्या झाकणाकडं बघत बसले होते. इतक्यात पडदा सरला आणि कमलाबाई आल्या. नीटनेटकी साडी, केस विंचरलेले. गोपीनाथराव उठून उभे राहिले.

"ताई, पाणी तयार आहे. कढत."

कमलाबाई जरा थबकल्या. राहू द्या जी, एवढा त्रास कशाला, असं काहीतरी म्हणू लागल्या. पण गोपीनाथराव ऐकतात कसले. त्यांनी बादली आत ठेवली, प्लास्टिकचा मग ठेवला, टॉवेल हातात दिला. लग्नात वराकडच्यांना पायघड्या घालतात, फक्त तेवढं राहिलं होतं.

"गिझर बंद करा आधी," कमलाबाई म्हणाल्या. "चालू गिझरवर मी आंघोळ नाही करत. शॉक लागते."

गोपीनाथरावांना ही बाई एकदम आपली वाटली. त्यांनी सर्वांदेखत बटण दाबलं, लाल दिवा विझला, आणि न्हाणीघराचं इवलंसं दार लागलं. आत नळ सुरू झाला. मग पाणी पडल्याचे आवाज आले. ओरडणं नाही, हुंकार नाही. गोपीनाथराव बाहेर कान देऊन उभे होते. थोड्या वेळानं कमलाबाई टॉवेल घेऊन बाहेर आल्या.

"कसं होतं पाणी?" गोपीनाथरावांनी विचारलं.

"मस्त होतं भाऊ. असं पाणी तर नागपूरलाही मिळत नाही."

गोपीनाथरावांची छाती फुगली. त्यांनी सरोजताईंकडं अशी काही नजर टाकली, की त्यांनी पोहे हलवायला घेतले. सगळे पोह्यांवर तुटून पडणार, तेवढ्यात, आपणही आंघोळ उरकूनच बसू, असं म्हणून गोपीनाथराव आत गेले. विहिणीनं प्रशस्तिपत्र दिलेलं पाणी, हात लावून बघायचं काय कारण? त्यांनी बादली भरली आणि पहिलाच मग डोक्यावर ओतला.

पाणी बर्फासारखं होतं. त्यांचा श्वास छातीतच अडकला. तोंड उघडलं होतं, पण आवाज फुटायच्या आत त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे विहीणबाईंनीही याच पाण्यानं आंघोळ केली. आणि माझा शब्द खाली पडू नये म्हणून हूं की चूं केलं नाही. आता आपण ओरडलो तर त्या माउलीला खोटं पाडल्यासारखं होईल. त्यांनी दात आवळले आणि उरलेली बादली अंगावर घेतली. बाहेर येऊन ते "वा, कढत आहे," म्हणाले आणि शाल शोधू लागले. त्यांचे ओठ निळे पडले होते, पण सरोजताईंना वाटलं उजेडच तसा आहे.

मग सुमेध आत गेला. त्याला ना कोणाचा शब्द राखायचा होता, ना कोणाला खोटं पाडायची भीती. आतून अशी किंकाळी आली, की शेजारच्या गाडीचा पडदा हलला.

"बाबा, हे पाणी फ्रीजमधलं आहे."

मग चौकशी बसली. एकेकानं एकेक बटण कबूल केलं. सरोजताई भाग्यश्रीवर घसरल्या, भाग्यश्री सुमेधवर, आणि पोहे गार झाले. गोपीनाथरावांना मात्र कोणाचाच राग येत नव्हता. त्यांचे डोळे भरून आले होते. शाल सावरत ते कमलाबाईंसमोर जाऊन बसले.

"ताई, मला क्षमा करा. लग्नात तुम्हाला गार पाणी मिळालं. आज मी स्वतः उभा राहिलो, तरी गारच. आणि तुम्ही मला बोल लावला नाही. उलट शाबासकी दिलीत."

कमलाबाई अवघडून गेल्या. "ते लग्नातलं तुम्ही अजून डोक्यात ठेवलं का बाप्पा? मी तर विसरूनही गेले." मग त्यांनी जरा खाली मान घातली. "आणि आज मी कुठं आंघोळ केली इथं? मी तर तुमच्याही आधी उठून तिकडं पार्कच्या न्हाणीघरात जाऊन आले. काय ते धो धो गरम पाणी. वंदनाही तळ्याकाठी झाली. पण तुम्ही एवढी बादली घेऊन उभे, नाही कसं म्हणावं? म्हणून नळ सोडला आणि नुसती बाजूला उभी राहिले. पोहे मलाही हवेच होते जी."

हे ऐकून सरोजताईंना हसू आवरेना. भाग्यश्रीनं सगळ्यांना पोहे वाढले. सुमेधला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. त्यानं वीज लावली तेव्हापासून लाल दिवा जळत होता, मग पाणी तापलं का नाही? तो टॉवेल गुंडाळूनच बाहेर गेला आणि लगेच परत आला. खांबावरचं बटणच बंद होतं. गाडीतले दिवे, अगदी गिझरचा लाल दिवासुद्धा, गाडीच्या बॅटरीवर लागतात, त्यामुळे आत कोणाला पत्ता लागला नाही. "पण ते बटण बंद केलं कोणी?" तो म्हणाला.

कमलाबाईंनी पोह्यांचा घास संपवला.

"ते मी केलं. आंघोळीहून येताना दिसलं, कोणीतरी रात्रभर चालूच सोडलं होतं. शाळेतही मी रोज सगळी बटणं बघूनच घरी जात होते." त्या गोपीनाथरावांकडं वळल्या. "वीज काय फुकट येते का भाऊ? तुम्ही तर मंडळातले, तुम्हीच सांगा."

सरोजताई हातातला डाव तसाच धरून नवऱ्याच्या उत्तराची वाट बघत राहिल्या.

"बरं केलंत, ताई," गोपीनाथराव म्हणाले. वाजणाऱ्या दातांमधून ते वाक्य बाहेर यायला जरा वेळ लागला.