पाणी दोन सूत गरम

आमच्या घरी बाळ बघायला आलेल्या माणसाला चहा-पाणी नंतर मिळतं, आधी त्याचे हात हुंगले जातात. हे काम माझे सासरे करतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते दारातच खुर्ची टाकून बसतात आणि येईल त्याला म्हणतात, "पावणं, हात आणा हिकडं."

चंदगडहून चुलत सासरे काजूची पिशवी घेऊन आले. आबांनी त्यांचा उजवा हात हुंगून सोडला, मग डावा हुंगला. "तंबाखू. कोपरापर्यंत साबण लावा, जावा." चुलत सासरे वयानं मोठे, पण मुकाट्यानं मोरीत गेले. शेजारच्या काकूंना भडंगाच्या वासावरून दोनदा परत पाठवलं. लस टोचायला गेलो तेव्हा तर आबांनी डॉक्टरीणबाईंचाच हात मागितला. "स्पिरिट हाय. चालतंय," असा निकाल दिला. त्या बिचाऱ्या चक्क थँक्यू म्हणाल्या.

माझं माहेर गगनबावड्याला. बाळंतपण ऐन जुलैत आलं आणि तिथल्या पावसात दुपटी दिवाळीपर्यंत वाळत नाहीत, म्हणून मी सासरीच राहिले. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. घरात नवरा, मी, लेक आणि हे आबा.

लेकीला न्हाऊ घालायला शेवंतामावशी रोज नऊला येतात. पाटावर बसून, पाय लांब करून त्या तिला नडग्यांवर पालथी घेतात, तोवर आबा न्हाणीघराच्या दाराबाहेर स्टूल मांडून तयार असतात. आबांची सगळी हयात उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीनवर गेली. तिथं इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि आबा जगातलं काहीही सुतात मोजतात.

"पाणी दोन सूत गरम हाय."

"कोपर बुडवून बघितलंय की मी," मावशी म्हणतात.

"मग एक सूत. आता मानंत बोट घाल. दूध उतरून बसतंय तिथं. काखंत बघ, जांगंत बघ. मशीन असू दे न्हायतर माणूस, घाण सांध्यातच बसत्या. आणि कानात तेल सोडायचं न्हाय, डॉक्टरीण नको म्हणालीया. फिनिशिंग पायजे."

"मग या की आत, तुम्हीच घाला आंगूळ."

हे ऐकलं की आबा उठून स्कूटर पुसायला जातात. स्कूटर तीन वर्षं बंद आहे.

सव्वा महिना झाला तरी या माणसानं नातीला एकदाही उचललं नव्हतं. सुरुवातीला मला हसू यायचं. मग मनात पाल चुकचुकली. मुलगी झाली म्हणून तर नाही? हे नवऱ्याला बोलवेना, आणि गिळवेनाही. मी आबांना चहा जरा आदळूनच द्यायला लागले.

परवा मावशी भाचीच्या डोहाळजेवणाला कबनूरला गेल्या. नवरा कामावर, माझी कंबर धरलेली, आणि लेकीनं नेमकी तेव्हाच मानेपर्यंत शी केली. ती मानेपर्यंत कशी पोचते, हे मला अजून कळलेलं नाही.

"आबा, घ्या हो हिला जरा."

आबा दारात हात मागं बांधून उभे. "मावशीला फोन लाव की."

माझा तोल गेला. "मुलगी झाली म्हणून हात लावत नाही, असं सरळ सांगा ना."

आबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. रेघारेघांत मशीनच्या ऑइलचं काळं मुरलेलं होतं.

"तुझा नवरा झाला तवा कामावरनं आलो आणि तसाच उचलाय गेलो. पांढऱ्या झबल्यावर माझी पाचीच्या पाची बोटं उठली. माझी आई म्हणाली, हात लावू नगंस लेकराला. त्यो चालाय लागला तरी मी न्हाय लावला. आता काम सुटून पाच वर्सं झाली, रोज घासतोय. काळं जात न्हाय, वास बी जात न्हाय."

मला स्वतःची लाज वाटली. मी म्हणाले, "आबा, ती आत्ता कशानं माखलीय बघा. तिला तुमच्या हातांचं काय पडलंय?"

आबांनी तिच्याकडं बघितलं. मग चष्मा काढून माझ्याकडं दिला, तिला घेतलं आणि न्हाणीघरात पाटावर बसले.

मानेची एकेक घडी अंगठ्यानं उघडून धुतली, काखा धुतल्या, बोटांच्या बेचक्या धुतल्या. रोज मावशींच्या हातात बोंबलणारी माझी लेक गप्प पडून राहिली. मी टॉवेल पुढं केला. आबांनी तिला गुंडाळलं, छातीशी धरलं आणि तिथंच ओल्यात बसून राहिले.

"द्या, मी पुसते," मी म्हटलं.

"थांब जरा. एवढं हलकं असतंय व्हय गं बाळ?"

"पुढं जड होतात, आबा."

"व्हय. जड झाल्यावरच घेतला मी त्याला."