खांद्याची गुरुवारची फेरी

आमच्या हिचा उजवा खांदा दर गुरुवारी एकटाच फेरतपासणीला जातो, कारण हिच्या बोलण्यावर डॉक्टर वायकोळेंचा विश्वास उरलेला नाही.

ही म्हणजे कोकिळा भारंबे. अख्ख्या यावल तालुक्यात हिच्यासारखे खापरावरचे मांडे कोणी करत नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत धोतराएवढा करायचा आणि तापलेल्या खापरावर टाकायचा. त्यातच खांद्याची शीर सुजली. "दुखणं लवकर सापडलंय," डॉक्टर म्हणाले, "दर आठवड्याला दाखवा. नाहीतर वेणी घालायलाही हात वर जायचा नाही."

पण "दुखतं का?" विचारलं की ही म्हणायची, "मले काय धाड भरली?" व्यायाम? रोज वीस वेळा. शेवटी डॉक्टरांनी खांद्याची वेगळी जबानी घेतली. तो म्हणाला, "दोनच दिवस केला. तोही फोनवर बोलताना."

तेव्हापासून मी त्याला एकट्यालाच स्कूटरवर नेतो. हिच्यापेक्षा बरा बसतो, मागून सूचना देत नाही.

भाचीच्या लग्नाआधीच्या गुरुवारी हिने त्याला बजावून पाठवलं, "चाळीस मांड्यांची परवानगी घेऊनच ये. बहिणीची पोर आहे. विकतचे मांडे आले तर मी तोंड कुठं दाखवू?"

डॉक्टरांनी चार लिहून दिले. खांद्याने घरी येऊन कागद वाचून दाखवला आणि म्हणाला, "पाचव्याला मी उठून जाईन."

हिला वाटलं, नुसत्या धमक्या. लग्नात हिने पाचवा गोळा उचलला आणि खांदा उठला. थेट वरपक्षाच्या पंगतीत जाऊन बसला. "हे कोण?" व्याह्यांनी विचारलं. "मुलीच्या मावशीचा खांदा," मी सांगितलं. त्यांनी सरकून जागा दिली आणि वाढप्याने त्याच्या पानावर तूप वाढलं.

उरलेले छत्तीस माझ्या वहिनीने केले. फाटके, जाड, एक तर चक्क चौकोनी. ही रिकामी बाही घेऊन चुलीशी बसून होती. डोळ्यांत पाणी होतं आणि धुराचं नाव सांगत होती. लोकांनी मांडे मागून मागून खाल्ले, ते हिला जास्तच लागलं.

पाठवणीच्या वेळी खांदा न बोलावता आपल्या जागी आला. भाची त्याच्यावर डोकं टेकून रडली आणि मग एकदम बाजूला झाली.

"मावशी, दुखतं का गं?"

"दुखतं," ही म्हणाली. "लय दुखतं."

खांद्यानेच हे डॉक्टरांना कळवलं. येत्या गुरुवारी डॉक्टरांनी दोघांनाही बोलावलं आहे.